गजाआडच्यांचे पाठीराखे

कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्यांचा घाट घातल्याबद्दल होसकोट नावाच्या एका प्राध्यापकाला मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. निकालाची मोफत प्रत येरवड्याला रवाना झाली. तुरुंगाचे म्हणणे, आम्ही दिली. कैद्याचे म्हणणे, मिळालीच नाही. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा चार वर्षांचा उशीर झाला होता आणि शिक्षाही भोगून झाली होती. अर्ज फेटाळला गेला. मात्र १९७८ च्या या होसकोट निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी पुढच्यांची सोय करून ठेवली: प्रत कैद्याच्या हातात द्या, पोच म्हणून त्याची सही घ्या आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. शिकल्यासवरल्या माणसाची ही गत, तर अंगठा उठवणाऱ्यांचे काय होत असेल!

त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी बिहारमधून आले. वर्तमानपत्रातल्या लेखांच्या आधारे ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी कच्च्या कैद्यांसाठी याचिका केली. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काहीजण खटल्याविनाच आत होते. हुसैनारा खातून प्रकरण म्हणून ते गाजले.

मुंबईतली गोष्ट कमी सांगितली जाते. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे पाचजणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्यालाच याचिका मानले. खरी परिस्थिती पाहायला पाठवले ते कुणा अधिकाऱ्याला नव्हे, तर निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना. कायदेविषयक मदतीची धड सोयच नसल्याचे त्यांच्या अहवालातून दिसले. फीपोटी ठेवून घेतो म्हणत एका वकिलाने दोन परदेशी बायकांचे जवळपास निम्मे सामान आणि दागिने लाटल्याचेही त्यात होते. फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश निघाले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला शिपाई, अटक होताच नातेवाइकांना आणि विधी साहाय्य समितीला खबर.

कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. अमलात आला नोव्हेंबर १९९५ मध्ये. पण वकील मिळाला म्हणजे सगळे मिटत नाही. घरी निरोप कोण देणार, पुढची तारीख कोण कळवणार, आईच आत असेल तर पोरांकडे कोण बघणार? हे वकीलपत्रात बसत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून मुंबईत नेमके हेच काम हाती घेतले. त्यांचे समाजकार्यकर्ते बराकीतून घरापर्यंत आणि घरून कोर्टापर्यंत दुवा झाले. या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी गाजलेले काम हेच असावे.

कुटुंबाकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष उशिरा गेले. आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कैद्यासारखे वागवू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ चा. १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झालेली ‘जिव्हाळा’ योजना त्याहून वेगळी: राज्य सहकारी बँकेचे सात टक्के व्याजाने पन्नास हजारांपर्यंत कर्ज, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. कैदी कमावता माणूस आहे, घरच्यांचे त्याच्यावाचून अडते, हे एका बँकेने व्यवहार म्हणून मान्य केले.

घोडे पेंड खाते ते जामिनापाशी. जामीन मंजूर, पण जामीनदार नाही म्हणून माणूस आतच. आठवड्यात सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, हेही न्यायालयाच्या जानेवारीतल्या आदेशात होते. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीन नाकारलेल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात कृष्णा अय्यर यांनी तेच १९७८ मध्ये सांगितले होते.