ग्रॅनोला : सातूचा परदेशी भाऊबंद

वाङ्मय मंडळाच्या अंकात पाककृती कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. पण या पदार्थाच्या नावालाच एक गोष्ट आहे, आणि आपल्यातले बरेच जण सकाळी सहाची बस पकडायला उपाशीपोटी घराबाहेर पडतात. म्हणून लिहिते आहे.

ग्रॅनोला म्हणजे चपटे ओट्स, दाणे आणि बिया थोड्या तेलात नि गोड पाकात घोळवून मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर भाजलेला कोरडा खाऊ. दुधात किंवा दह्यात टाकायचा, नाहीतर नुसताच मूठभर तोंडात टाकायचा. मुसळी हा याचाच न भाजलेला भाऊ. ती स्वित्झर्लंडमधल्या बिर्शर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी १९०० च्या आसपास आपल्या रुग्णांसाठी सुरू केली. ग्रॅनोला त्याहून जुना. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जेम्स केलेब जॅक्सन यांचं एक आरोग्यधाम होतं. तिथे १८६३ मध्ये त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची पोळी भट्टीत भाजली, तिचे तुकडे केले आणि ते पुन्हा भाजले. त्या रव्याळ खाण्याला नाव दिलं ‘ग्रॅन्युला’. ते इतकं टणक होतं की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे.

पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका मिळून असंच खाणं केलं. हे आरोग्यधाम सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने चालवलेलं होतं, आणि मांसाहार, दारू, तंबाखू वर्ज्य करून धान्य, फळं, दाणे खावेत हा त्यांच्या शिकवणीचाच भाग होता. केलॉगनी नावही तेच ठेवलं. जॅक्सन यांच्याशी त्यावरून वाद झाला तेव्हा एक स्वर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. म्हणजे आज जो शब्द दुकानाच्या फळीवर झळकतो तो भांडण मिटवण्यासाठी बदललेला एक स्वर आहे! तेल, मध, दाणे घातलेला आजचा ग्रॅनोला मात्र नंतरचा. तो १९६० च्या दशकात अमेरिकी तरुणांच्या चळवळींसोबत लोकप्रिय झाला. सुरुवातीचा पदार्थ रुग्णांचा होता, साधा आणि बहुधा बेचवही.

आता बोरगावला येऊ. आमचं गाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, सौंसर तालुक्यात. २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. एका बाजूला औद्योगिक क्षेत्र, दुसऱ्या बाजूला कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. राज्य मध्य प्रदेश, घरातली भाषा मराठी, बाजारातली दोन्ही. अशा घरात ओट्सचं पाकीट आलं की आधी चेष्टा होते. ग्रॅनोला कसा करतात ते मी आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “हे तं सातूच होय, फक्त दळला नाही.”

तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सातूच्या पिठात गहू आणि हरभरा डाळ भाजून दळतात, उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवून खातात. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात. उरलेल्या लाह्यांचं पीठ करून दूध-गुळासोबत खातात. धान्य आधीच भाजून ठेवायचं, म्हणजे खाण्याच्या वेळी चूल पेटवावी लागत नाही, ही युक्ती आपल्याकडे जुनीच. शेतावर जाणाऱ्याला तिची गरज होती, आज पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याला आणि होस्टेलवाल्याला आहे. पोहे-उपमा याहून चांगलेच, पण ते कुणीतरी उठून करावे लागतात. आणि हे ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते, नाही का?

मग विकतचं पाकीट का आणू नये? आणा, पण आधी ते उलटं करून पाहा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. साखर दुसऱ्या-तिसऱ्या जागी दिसली तर समजून घ्या. ती एकाच नावाने येईल असंही नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध, खजुराचं सिरप अशी वेगवेगळी नावं घेऊन ती यादीत विखुरलेली असते, त्यामुळे प्रत्येक नाव खाली सरकतं. शेजारच्या पोषणाच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ असते, ती शंभर ग्रॅमला किती आहे तेवढं पाहिलं तरी पुरे. समोरच्या बाजूला छापलेल्या हिरव्या पानांकडे आणि डोंगराच्या चित्राकडे लक्ष देऊ नका.

घरच्यासाठी माप असं : चपटे ओट्स ३०० ग्रॅम, फल्लीदाणे ८० ग्रॅम, तीळ ३०, जवस २०, फुटाण्याची डाळ ३०, गूळ ८०, तेल ५० मिली, दोन मोठे चमचे पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, थोडी सुंठ किंवा वेलची, आणि शेवटी ४० ग्रॅम मनुका. भाजून साधारण सहाशे ग्रॅम होतं. ओट्स चपटे, अख्खे दिसणारे घ्यावेत; लगेच शिजणारे बारीक ओट्स पाकात पडले की त्यांचा लगदा होतो. चपटे ओट्स कारखान्यात वाफवूनच दाबलेले असतात, त्यामुळे ते आपल्याला शिजवायचे नसतात, फक्त वाळवायचे आणि खरपूस करायचे असतात. ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीची कृती आपोआप समजते.

गूळ किसून पाण्यात विरघळवा आणि गाळून घ्या, कारण गुळात खडे असतातच. त्यात तेल आणि मीठ घालून एक उकळी आणा. एकतारी पाक करायचा नाही. पातळ असतानाच ओट्सवर ओतायचा, म्हणजे प्रत्येक कणाला लागतो. इथे तेल फक्त चवीसाठी नसतं. ते आच सगळीकडे सारखी पोचवतं आणि खाऊ खुसखुशीत ठेवतं. तेल अगदी वगळलं तर गूळ काचेसारखा कडक बसतो आणि दाताला त्रास होतो. मीठही वगळू नका, अर्ध्या चमच्याने गोडवा वाढल्यासारखा वाटतो, म्हणजे तेवढा गूळ कमी लागतो.

ओव्हन असेल तर १५० अंशांवर अर्धा तास, दर दहा मिनिटांनी हलवत. ओव्हन नसेल, आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरी तो नाहीच, तर जाड बुडाची कढई चांगली. अर्धं-अर्धं करून घ्यायचं, सर्वांत मंद आच, आणि सराटा हातातून सोडायचा नाही. अठरा-वीस मिनिटं लागतात. लोक इथेच घाई करतात. मोठ्या आचेवर गूळ आधी करपतो आणि ओट्स आतून ओलेच राहतात. थंड झाल्यावर तो खाऊ चिवट लागतो आणि चार दिवसांत वास मारतो. मंद आचेचं सगळं काम पाणी बाहेर काढण्याचं आहे. रंग फिकट सोनेरी झाला, घरभर भाजल्या गुळाचा वास सुटला की उतरवा. हाताला अजून मऊ लागेल, घाबरू नका. गरम गूळ मऊच असतो, कुरकुरीतपणा थंड होताना येतो. गोळे हवे असतील तर गरम असतानाच तेल लावलेल्या ताटात दाबून पसरवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.

दाणे, तीळ आणि जवस वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. फल्लीदाणे आधी निवडून घ्या : सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, कडवट दाणे सरळ फेकायचे. तशा दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही. तीळ तडतडायला लागले की झाले. जवस मात्र भाजून भरड कुटा. अख्खा जवस बहुतेक तसाच पोटातून निघून जातो, त्यातलं तेल आपल्याला मिळतच नाही. मनुका सगळ्यांत शेवटी, गार झाल्यावर. भाजल्या तर त्या फुगून कडू होतात आणि मग खड्यासारख्या लागतात.

ओट्स आमच्या शेतात पिकत नाहीत. जई म्हणून मध्य प्रदेशात कुठे कुठे चाऱ्यासाठी पेरतात, पण खाण्याचे चपटे ओट्स पाकिटातूनच येतात. म्हणून अर्धे ओट्स काढून त्या जागी ज्वारीच्या लाह्या घालता येतील का? येतात, आणि मला तो प्रकार जास्त आवडतो. फक्त लाहीचा स्वभाव वेगळा आहे. ज्वारीच्या दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून लाही आतून पोकळ आणि कोरडीठाक असते. ओट्स पाक पितात. लाहीला पातळ पाक लागला तर ती विरघळून बसते. तेव्हा लाह्यांसाठी पाक थोडा घट्ट, जवळजवळ एकतारी करायचा, आणि ओट्स अर्धेअधिक भाजून झाल्यावर मगच लाह्या टाकायच्या. लाही हलकी असल्यामुळे वजनाने नको, वाटीने मोजा : काढलेल्या एका वाटी ओट्सला दोन वाट्या लाह्या. मुरमुऱ्यांचंही असंच.

संत्र्याच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची फळं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची, तेव्हा आणखी एक गोष्ट करून बघा. साल कोमट पाण्याने चोळून धुवा, बागेत फवारणी होते आणि बाजारातल्या फळाला कधी मेणही लावलेलं असतं. मग वरचा नारंगी भाग तेवढा किसा. पांढरा भाग आला की कडवटपणा आला. हा कीस पाकात टाकला की सुगंध तेलात उतरतो, कारण सालीतला वास तेलकटच असतो. पाण्याऐवजी रस घातला तर वास तेवढा येत नाही, आंबटपणा येतो आणि ओलावा वाढतो. छिंदवाड्याकडच्या जंगलातली चारोळी मिळाली तर मूठभर टाका, महाग आहे, पण मूठभरच पुरते.

आता थोडं कौतुक कमी करते. ग्रॅनोला हे औषध नाही, गोड खाऊच आहे. वरच्या मापाने ४० ग्रॅममध्ये, म्हणजे एका लहान वाटीत, साधारण पाच ग्रॅम गूळ आणि १९० च्या आसपास कॅलरी येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, आणि मध त्यात धरतात. गुळालाही तेच माप लावा. ‘गूळ आहे ना, चालतो’ हे मधुमेह असलेल्या आजोबांना सांगू नका. रक्तातली साखर गुळानेही वाढते. त्यांच्यासाठी गूळ निम्मा करा, दाणे वाढवा, आणि तरीही वाटी लहानच ठेवा. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूने कोलेस्ट्रॉल कमी होतं, हे खरं. पण त्यासाठी दिवसाला सुमारे तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं लागतं, म्हणजे पाऊण वाटीहून जास्त कोरडे ओट्स. आपल्या लहान वाटीत ओट्स आहेत वीस ग्रॅम. तेव्हा कोलेस्ट्रॉलसाठी ओट्सची खीर किंवा उपमा बरा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला कुठलाही पदार्थ देऊ नये. त्याने बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी सगळंच भरड कुटून दुधात भिजवायचं. दाताची कवळी असलेल्यांसाठीही तसंच. जॅक्सन यांचे रुग्ण तरी दुसरं काय करत होते?

बरणी काचेची किंवा स्टीलची, झाकण घट्ट, चमचा कोरडा. तीन आठवड्यांत संपवा. जवसाचं तेल लवकर खवट होतं; बरणी उघडल्यावर ताज्या ऑइल पेंटसारखा वास आला तर टाकून द्या, कारण ते रंगही जवसाच्या तेलातच कालवतात. म्हणून आम्ही जवसाची भरड वेगळ्या डबीत ठेवतो आणि खाताना वरून घालतो. पावसाळ्यात आमच्याकडे दोनच दिवसांत सगळं सादळतं. तेव्हा कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून ताटात गार करायचं, आणि तळाशी उरलेला चुरा दह्यात घालून त्यावर संत्र्याच्या फोडी सोडायच्या.