हळदीची पूड आणि कणांचें माप

हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा हें गांव ज्या मुलुखांत वसलें आहे, तो मुलूख हळदीचा. शेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. हळद जितकी बारीक तितकी चांगली, अशी घरोघरीं समजूत आहे. ती कितपत खरी, हें आज पाहूं.

शेतांतून काढलेले कंद शिजवून, उन्हांत खडखडीत वाळवून व ढोलांत घोळवून उजळ करतात. मग त्यांची पूड होते. आतां एक सेंटिमीटर बाजूचा घनाकार तुकडा कल्पनेंत आणा. त्याच्या सहा बाजूंचें एकूण क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दशांश मिलिमीटर बाजूचे कण केले, तर ते दहा लाख होतील. वस्तु तेवढीच राहील. परंतु पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर होईल! पुढील साऱ्या गोष्टींचें मर्म ह्या वाढत्या पृष्ठभागांत आहे.

त्यामुळेंच बारीक पुडीचा रंग फोडणींत चटकन् उतरतो आणि वरणांत कण जिभेस लागत नाहींत. परंतु त्याच वाटेनें सुगंधी तेल उडून जातें, उजेडानें रंग फिकटतो आणि दमट हवेंत गांठी होतात. जात्याच्या वेगानें पूड तापली, तर वास गिरणींतच निघून जातो. म्हणून जाणता गिरणीवाला टप्प्याटप्प्यानें दळतो, पूड निवूं देतो आणि चाळणींत राहिलेली भरड पुन्हां दळतो.

भरड पूड आपल्या वजनानें खालीं ओघळते. अति बारीक कण मात्र एकमेकांस चिकटून नरसाळ्यांत कमान धरतात. शिवाय ते हवेंत तरंगतात. ते कामगारांच्या छातींत जातात, आणि दाट पसरले असतां एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. १७८५ सालीं इटलींतील ट्यूरिन येथें पिठाच्या कोठारांत असा स्फोट झाला. १८७८ सालीं अमेरिकेंतील मिनियापोलिसच्या वॉशबर्न गिरणीच्या स्फोटानें १८ माणसें मृत्यु पावलीं. पीठ काय, मसाला काय, धोका तोच. म्हणून गिरणींत उघडा दिवा नसावा, तुळयांवर धूळ सांचूं देऊं नये आणि कामगारांनीं नाक-तोंड झांकावें.

गृहिणींनीं काय करावें? हळकुंडें सांठवावीं, पूड लागेल तेवढीच करावी व ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या जागीं ठेवावी. बारीकपणा कामापुरता असावा. त्याहून अधिक बारीक दळण्यांत सुगंधाचा तोटाच आहे.