डोंगरगावच्या हाडांचे शोधनिबंध

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीत १९८०च्या दशकात एका प्रचंड डायनासोरचा सांगाडा मिळाला. मानेचे, पाठीचे आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेची आणि खांद्याची हाडं, डावा पुढचा पाय एवढं मिळालं. डोकं आणि मागचे पाय मिळाले नाहीत. हे काम कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी केलं. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसे, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तिथे भूशास्त्रालाही जागा दिली होती आणि भारतातले कित्येक महत्त्वाचे सांगाडे त्याच विभागाने उजेडात आणले आहेत.

सांगाडा सापडला की वर्तमानपत्रात बातमी येते. विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद होते ती मात्र शोधनिबंध छापून आल्यावरच. डोंगरगावच्या हाडांना त्यासाठी १९९७ सालापर्यंत थांबावं लागलं. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांचा २३ पानांचा निबंध ‘जर्नल ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी’ या नियतकालिकात आला. मधली दहाएक वर्षं वाया गेली असं समजू नये. दगडात रुतलेलं हाड प्लास्टरच्या वेष्टनात बांधून प्रयोगशाळेत आणायचं, सुया आणि छिन्न्यांनी कणाकणाने मोकळं करायचं, तडे सांधायचे, मग जगभरच्या संग्रहांतल्या तशाच हाडांशी ताडून पाहायचं, हे काम घाईत होत नाही.

अशा वर्णनपर निबंधाचा साचा गेल्या दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही. हाडं कुठे आणि कोणत्या थरात मिळाली, तो थर किती जुना, नमुना कोणत्या संस्थेत कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे, हे आधी येतं. पुढे एकेका हाडाचं वर्णन: लांबी, रुंदी, कडा, खाचा, स्नायू जिथे जोडलेले होते त्या खुणा. शेवटी हा प्राणी इतरांपेक्षा वेगळा कशावरून, याची यादी. वाचायला रूक्ष, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

हस्तलिखित आलं की संपादक ते त्याच विषयातल्या दोन-तीन परीक्षकांकडे पाठवतो. या परीक्षकांना मानधन मिळत नाही. मोजमापं जुळतात का, ज्याला वेगळेपण म्हटलं आहे ते वयामुळे किंवा दगडाच्या दाबाखाली हाड चेपल्यामुळे आलेलं नाही ना, आधीच्या लेखकांचं काम विचारात घेतलं आहे का, हे ते तपासतात. नमुना सार्वजनिक संग्रहात आहे का, हेही पाहिलं जातं. हाड कुणाच्या खासगी कपाटात असेल तर उद्या दुसऱ्या कुणाला ते पडताळता येणार नाही, म्हणून बरीच चांगली नियतकालिकं असा निबंध घेतच नाहीत. हा नियम किती मोलाचा आहे, ते पुढे दिसेल.

जैन आणि बंद्योपाध्याय यांनी प्राण्याचं नाव ठेवलं टायटॅनोसॉरस कोलबर्टाय. त्यातलं पहिलं नाव तेव्हा १२० वर्षांचं जुनं होतं. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपल्याला ठाऊक असलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर काही हाडं मिळाली होती. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं, तेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकातच. मणका समोरून खोलगट आणि मागून गोलसर फुगीर, ही त्याची ओळख. पुढे असे मणके अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस असे कुठेही सापडले की त्यांना त्याच नावाखाली घालायची प्रथाच पडली.

२००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी ‘जर्नल ऑफ सिस्टिमॅटिक पॅलिऑन्टॉलॉजी’त या सगळ्याची छाननी केली. तोवर हे वैशिष्ट्य टायटॅनोसॉर गटातल्या अनेक प्राण्यांत आढळलेलं होतं. म्हणजे १८७७ साली ज्याने ओळख पटत होती, त्याने २००३ साली पटेनाशी झाली. लिडेकरांचं नाव निरुपयोगी ठरलं. डोंगरगावचा प्राणी मात्र टिकला, कारण त्याचं वर्णन भरघोस होतं आणि वेगळेपण स्पष्ट होतं. त्याला नवीन नाव मिळालं, आयसीसॉरस. कोलकात्याच्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते केलेलं आहे. एकही नवीन हाड न खणता झालेलं हे संशोधन आहे, आणि पुराजीवशास्त्राच्या नियतकालिकांत अशा फेरतपासणीला मोठी जागा असते.

स्लीमन यांनी जमवलेला तो मूळ मणका पुढे हरवला असंच सगळे धरून चालले होते. तो कोलकात्याच्या सरकारी संग्रहात पुन्हा हाती लागला आणि नागपूरचे धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘करंट सायन्स’मध्ये तसं जाहीर केलं. सार्वजनिक संग्रहाचा आग्रह का धरायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

१९७०नंतर या नियतकालिकांचा सूर बदलला. १९७५ साली ‘पॅलिओबायॉलॉजी’ निघालं आणि ‘हा प्राणी कोणता’ याच्या जोडीला ‘जीवसृष्टी कशी बदलत गेली’ हा प्रश्न आला. जॅक सेपकोस्की यांनी छापील साहित्य चाळून सागरी प्राण्यांची कुळं कधी उगवली आणि कधी मावळली याच्या याद्या केल्या. त्यावरून १९८२ साली डेव्हिड राउप यांच्यासह त्यांनी पाच महाविलोपांचं आकडेवारीतलं चित्र मांडलं. या याद्या ज्यातून आल्या ते होते शेकडो अनाम वाटणारे वर्णनपर निबंध.

यानंतरचं वळण डोंगरगावच्या शेजारीच पाहता येतं. पिसदुऱ्याच्या शेतांत अश्मीभूत विष्ठेचे गोळे सापडतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली त्यांचं वर्णन छापलं, ते आकाराचं आणि पोताचं. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी तसेच गोळे आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे कण मिळाले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनासोर गेल्यावर गवत पसरलं, हा समज त्यामुळे बदलावा लागला. निबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात, २०११ साली, भाताच्या कुळाचे प्राचीन नातेवाईकही समोर आले. आज पुराजीवशास्त्राच्या अंकात रसायन, समस्थानिकं, सीटी स्कॅन आणि संगणकीय प्रारूपं यांची गर्दी दिसते, ती याच वाटेने आलेली.

प्रकाशनाची रीतही बदलली. १९९८ साली सुरू झालेलं ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इलेक्ट्रॉनिका’ इंटरनेटवरच निघतं आणि वाचकाकडून किंवा लेखकाकडून पैसे घेत नाही. इतर बऱ्याच मुक्त नियतकालिकांत वाचन फुकट असतं, पण लेखकाला मोठं शुल्क भरावं लागतं, आणि आपल्याकडच्या छोट्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला ते परवडत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या धार जिल्ह्यातली डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी यांच्यावरचा निबंध २०२३ साली ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकात आला, तो कुणालाही वाचता येतो, हा मात्र निखळ फायदा.

जीवाश्म कुणाचा, हा प्रश्न आता संपादकांना टाळता येत नाही. ब्राझीलमधला ‘उबिराजारा’ नावाचा डायनासोर जर्मनीतल्या संग्रहातून ‘क्रिटेशियस रिसर्च’मध्ये जाहीर झाला, तो देशाबाहेर कसा गेला यावर गदारोळ झाला, निबंध मागे घेतला गेला आणि २०२३ साली जीवाश्म ब्राझीलला परतला. २०२२च्या एका अभ्यासाने दाखवलं की गेल्या तीस वर्षांतली ९७ टक्के जीवाश्म-माहिती श्रीमंत आणि मध्यम-श्रीमंत देशांतल्या संशोधकांच्या सहभागातून आली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या वर्णनाला दुय्यम लेखण्याची सध्याची प्रवृत्ती चुकीची आहे. १९९७ची ती २३ पानं नसती तर २००३ची छाननी लंगडी पडली असती. विद्यापीठांनी नेमणुका आणि बढत्या देताना असं संथ, नेटकं काम मोजलं पाहिजे.

आणि विदर्भातल्या वाचकांना एक विनंती. शेतात, नाल्यात हाडासारखा जड दगड दिसला तर तो उपटून घरी आणू नका. जागेचा फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. कोणत्या थरातला हे सांगता आलं नाही, तर त्यावर निबंध लिहिणं फार अवघड होऊन बसतं.