शिसं : खाणीतून मुशीकडे – जुन्नरच्या डोंगरात शिसं का नाही?

राजस्थानातल्या जावरच्या गिरणीत दळून पीठ झालेलं शिशाचं धातुक आपण मागच्या आठवड्यात फेसाच्या टाकीच्या तोंडाशी आणून ठेवलं. आज टाकीत उतरायचं होतं, पण घोडेगावच्या एका शिक्षकांचं पत्र आलं आणि मी तिथेच थबकलो. ते लिहितात, ‘सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, जुन्नर त्यांचं मोठं नगर. मग ते शिसं इथल्याच डोंगरातलं का? आमच्या विहिरीच्या खोदकामात एक चकाकणारा खडाही निघाला आहे.’

प्रश्न इतका आपल्या मातीतला की टाकी आठवडाभर थांबेल.

शिसं इथलं नाही. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी मिळून जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. छिन्नी-हातोडा घेऊन माणसं इतक्या ठिकाणी डोंगराच्या पोटात शिरली आणि सगळीकडे लागला तो काळा बेसाल्टच. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत थिजलेला. त्याच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि गारगोट्या, झिओलाइट, कॅल्साइट यांचे स्फटिक वाढले. सरांच्या विहिरीतला खडा बहुधा त्यातलाच.

पारख सोपी आहे. शिशाचं धातुक म्हणजे गॅलेना. करड्या धातूची झळाळी असलेलं हे खनिज फोडलं की चौकोनी ठोकळ्यांतच तुटतं. पाण्याच्या साडेसातपट जड असल्याने सुपारीएवढा तुकडाही तळहातावर ठेवताच वजन जाणवतं. गारगोटी जेमतेम अडीचपट भरते.

जावरचा खडक वेगळाच. तो अब्जाहून अधिक वर्षांचा, जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातून झालेला डोलोमाइट. शिसं आणि जस्त अशा खडकात एकवटतं.

मग नाण्यांना शिसं आलं कुठून? रोमन लेखक प्लिनी म्हणतो, भारतात तांबंही नाही आणि शिसंही नाही. रत्नं-मोती देऊन भारतीय ते विकत घेतात. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत शिसं आहेच. पण प्लिनीचं पहिलं वाक्य खरं नाही. राजस्थानात जावर आणि दरीबा इथल्या जुन्या खाणींतली लाकडं कार्बन-१४ चाचणीत इसवी सनापूर्वीची ठरली आहेत. म्हणजे समुद्रापलीकडचं आणि देशातलं, अशा दोन्ही शिशांच्या वाटा तेव्हा खुल्या होत्या. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल जुन्नरला चढायचा तो नाणेघाटाने. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिथे आजही उभा आहे. जुन्नरचं मोठेपण खाणीत नव्हतं, ते या वाटेत होतं. ज्या डोंगरात धातू नाही, त्याच्या पायथ्याचं नगर व्यापाराच्या बळावर भरभराटीला आलं, हे मला खाण सापडण्याहून मोठं वाटतं.

सरांनी खड्याचं वजन करून कळवावं. पुढच्या आठवड्यात टाकी नक्की. दगडाहून कितीतरी जड असलेलं गॅलेना तिथे फेसाबरोबर वर येतं आणि हलका दगड खाली राहतो, ते कसं, ते पाहू.