दोन किलोंची जागा

मोटरसायकलवर रोज लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची यादी फार मोठी नाही. एक-दोन पाने, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट, दोन फ्यूज, जास्तीची क्लच केबल, मलमपट्टीची छोटी पिशवी, एक फडके आणि जून उजाडला की रेनकोट. रेनकोट सोडला तर हे सगळे दोन किलोंच्या आत बसते. आपल्या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी साधारण तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. त्यांतल्या बहुतेक मोटरसायकलींवर मात्र या दोन किलोंना हक्काची जागा नाही. मग पिशवी हँडलला लटकते, रेनकोट शेपटाकडच्या कॅरिअरला बांधला जातो आणि पाने घरीच राहतात. हा प्रश्न सोयीचा समजून ॲक्सेसरीच्या दुकानावर सोपवला जातो. माझ्या मते तो आधी तोलाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे. जागा किती लिटरची आहे यापेक्षा ती गाडीच्या गुरुत्वमध्यापासून किती लांब आहे, हे आधी पाहायला हवे. गुरुत्वमध्याजवळची थोडी जागा मोटरसायकलवर आजही आहे, थोडी आपण गमावली आहे आणि ती परत मिळवता येते.

सुरुवात हँडलपासून करू, कारण सर्वांत जास्त पिशव्या तिथेच लटकतात. दुचाकीचा तोल स्वार एकदाच साधून मोकळा होत नाही. हँडलला क्षणोक्षणी दिलेल्या बारीक हिसक्यांनी तो तोल सतत सावरत असतो, इतक्या सवयीने की ते लक्षातही येत नाही. या कामात हँडल हलके आणि मोकळे असावे लागते. आता उजव्या मुठीजवळ, हँडल ज्या अक्षाभोवती फिरते त्यापासून 30 सेंटिमीटरवर, दोन किलो भाजीची पिशवी अडकवा. हा अक्ष सरळ उभा नसतो, साधारण 26 अंश मागे झुकलेला असतो. त्यामुळे पिशवीचे सगळे वजन खाली न जाता त्यातला एक भाग हँडलला त्याच बाजूला वळवत राहतो. हिशेब केला तर दुसऱ्या मुठीवर जवळपास 900 ग्रॅमचा जोर सतत लावून ठेवल्यासारखे ते होते. सरळ रस्त्यावर हात त्याला सरावतो. पण खड्डा आला, पिशवी झोक्यासारखी हलली, की तो जोर दर क्षणाला बदलू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी हाताला ब्रेक दाबायचा असतो. पिशवीचा बंद ब्रेकच्या लिव्हरमागे अडकण्याचा धोका तर वेगळाच. हँडलवर हेल्मेट लटकवून उघड्या डोक्याने जाणारा स्वार ही चूक दोनदा करतो.

शेपटाकडे, म्हणजे मागच्या दिव्याच्या वरच्या कॅरिअरवर, पेटी लावणे हा सर्वमान्य उपाय. तिथे भौतिकशास्त्राचे दोन नियम आड येतात. पहिला तरफेचा. स्प्लेंडरसारख्या 112 किलोंच्या गाडीत दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर 1236 मिलिमीटर आहे. मागच्या आसाच्या 30 सेंटिमीटर मागे पाच किलो ठेवले, तर मागच्या चाकावर पाच नव्हे, सव्वासहा किलो भार येतो आणि पुढचे चाक सव्वा किलोने हलके होते. वरंध्याच्या घाटात चढावर, मागे माणूस बसलेला असताना, पुढच्या चाकाची पकड आधीच कमी झालेली असते. त्यात ही भर. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. गाडी वळवताना एखादे वजन किती विरोध करते, हे गुरुत्वमध्यापासूनच्या त्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य ढोबळमानाने टाकीच्या मागच्या कडेजवळ, स्वाराच्या मांड्यांच्या आसपास असतो. तिथून 25 सेंटिमीटरवर ठेवलेला एक किलो आणि 75 सेंटिमीटरवर ठेवलेला एक किलो तराजूत सारखेच भरतात. वळताना मात्र दुसरा किलो पहिल्याच्या नऊपट जड होतो.

रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचे जे गणित मांडले, त्यात गाडीचा तोल बिघडण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या केल्या होत्या. एका बाजूला सावकाश कलंडणे, अख्खी गाडी सापासारखी नागमोडी डुलणे आणि हँडल थरथरणे. नागमोडी डोलणे सेकंदाला साधारण दोन-चार वेळा होते, हँडलची थरथर सहा-दहा वेळा. मागच्या टोकाचे वजन नागमोडी डोलण्याला खतपाणी घालते, हँडलवरचे वजन थरथरीवर परिणाम करते. यावर आक्षेप ठरलेला आहे: ही गणिते ताशी दीडशेच्या वेगाची, आमची गाडी पन्नासवर चालते. आक्षेपात तथ्य आहे. नागमोडी डोलणे शहरी वेगात सहसा जाणवत नाही. पण आपल्याकडे वेगाची जागा खड्ड्यांनी, गतिरोधकांनी आणि अचानक लावलेल्या ब्रेकने भरून काढली आहे. तरफ आणि वर्गाचा नियम वेगाची वाट पाहत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, दीडशे किलोंच्या जुळणीत दोन किलोंनी काय फरक पडतो. उत्तर पेट्रोलच्या टाकीतच आहे. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचे. स्प्लेंडरच्या 9.8 लिटरच्या टाकीत भरल्यापासून रिकामी होईपर्यंत सात किलोंहून अधिक फरक पडतो, आणि तो स्वाराला जवळजवळ कळत नाही. कळत नाही याचे कारण ती टाकी गुरुत्वमध्याला लागून, दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असते. बदलते वजन कुठे ठेवायचे, हा प्रश्न गाडी रेखाटणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच सोडवलेला आहे. आपले दोन किलो म्हणजे पावणेतीन लिटर पेट्रोल. ते टाकीच्या शेजारी, टाकीवर किंवा सीटखाली गेले तर गाडीला ते अर्ध्या भरलेल्या टाकीइतकेही नवे नाहीत. तेच दोन किलो हँडलला लटकले की गाडीचा स्वभाव बदलतो.

हे शहाणपण कागदावरच्या गणिताआधी रस्त्यावर आलेले आहे. पहाटे गावाकडून शहरात येणाऱ्या दूधवाल्याची मोटरसायकल नीट पाहा. कॅन कॅरिअरवर उभे नसतात. लोखंडी चौकटीच्या आकड्यांना ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकलेले असतात. कॅनचे तोंड सीटच्या पातळीला, बूड जवळपास आसाच्या पातळीला, उजवीकडे जितके तितकेच डावीकडे. वजन खाली, वजन दुतर्फा. तो भार गाडीच्या मर्यादेबाहेर असतो आणि ब्रेक व टायर यांच्यावर अन्याय करतो, म्हणून त्याचे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. पण त्या चौकटीची रचना करणाऱ्या गावच्या वेल्डरला गुरुत्वमध्य नेमका समजला होता. जुन्या बजाज चेतकमध्ये इंजिन उजव्या बाजूला होते, म्हणून सामानाची डिकी डाव्या बाजूला. तिथेही हाच विचार.

‘मोटरसायकलवर जागाच नाही, मग ठेवायचे कुठे?’ हा सर्वांत मोठा आक्षेप. जागा होती. जुन्या बुलेटच्या बाजूला कुलूप लावता येणारी लोखंडी पेटी असे आणि हत्यारे तिच्यात राहत. ती जागा कुणी आळसाने घालवली नाही. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, त्याचा संगणक आला, पेट्रोलची वाफ पकडणारा कोळशाचा डबा आला. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, त्याचा ठोकळा आला. हे सगळे साइड पॅनेलमागे आणि सीटखाली बसले. श्वासाला चांगली हवा आणि ब्रेकला भरवसा मिळाला, हा सौदा योग्यच होता. पण त्यात हत्यारांची पिशवी बाहेर पडली आणि तिला परत आत घेण्याचा विचार फारसा कुणी केला नाही. स्कूटरवाल्यांनी केला. टीव्हीएसने 2021 च्या ज्युपिटर 125 मध्ये पेट्रोलची टाकी पायाखालच्या फळीत हलवली आणि सीटखाली 33 लिटर जागा काढली. एथरच्या रिझ्टामध्ये सीटखालचे आणि पुढचे मिळून 56 लिटर होतात. मोटरसायकलमध्येही हे जमते, याचा पुरावा होंडाने 2012 मध्ये दिला. एनसी 700 एक्स या गाडीत इंजिनाचे सिलिंडर 62 अंश पुढे झुकवले, 14 लिटरची टाकी सीटखाली नेली, आणि जिथे एरवी पेट्रोल असते तिथे अख्खे हेल्मेट मावेल अशी 21 लिटरची कुलूपबंद पेटी दिली. जड पेट्रोल खाली गेले आणि बदलते सामान बरोबर गुरुत्वमध्याजवळ आले. ती महागडी गाडी होती, हे खरे. पण बजाजने 2024 मध्ये आणलेल्या फ्रीडम 125 मध्ये सीटखाली दोन किलो सीएनजीची टाकी बसवली आहे आणि शिवाय दोन लिटर पेट्रोलही. सव्वाशे सीसीच्या गाडीत पोलादी सिलिंडरला जागा निघते, तर हत्यारांच्या एका गुंडाळीला निघत नाही, हे पटत नाही.

मग पाठीवरची सॅक काय वाईट, असे कुणी विचारेल. इथे मी अर्धी माघार घेतो, कारण सगळ्या वस्तू एका जातीच्या नसतात. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्या घेते तेव्हा तासाभरात तीन लाख हादरे बसतात. ॲपलने 2021 मध्ये जाहीर सूचना दिली होती की, जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उष्णतेचेही तसेच. वापरात असलेले इन्सुलिन 30 अंशांच्या वर ठेवू नये असे सांगतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीची सीट हाताला चटका देते. फोन, औषध, चष्मा, लॅपटॉप यांना माणसाच्या अंगासारखा दुसरा हादरेशोषक नाही. ते अंगावरच असावेत. लोखंड मात्र पाठीवर नको. गाडी घसरली की सॅकमधला पाना पाठीचा कणा आणि डांबर यांच्यामध्ये येतो. काच आणि औषध माणसाने बाळगावे, लोखंड आणि रबर गाडीने.

कायद्यालाही गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराचे महत्त्व थोडेफार कळलेले दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 मध्ये 2020 साली हलक्या पेटीची तरतूद आली. लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर दुसरा माणूस बसवायचा नाही. एकट्या स्वाराला पेटी लावायचीच असेल तर माणसाची जागाच चांगली, कारण ती मागच्या आसाच्या पुढे असते. कागदपत्रांसाठी जागा ठेवण्याचा प्रश्न तर सुटल्यातच जमा आहे. 2018 पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रे ग्राह्य धरली जातात.

आजच्या गाडीवर करण्यासारखे पुष्कळ आहे. सीट उघडा आणि बॅटरी, फ्यूज व एअर फिल्टरचे तोंड कुठे आहे ते आधी पाहा. काही गाड्यांत हवा सीटखालूनच ओढली जाते, तिथे फडके कोंबले तर इंजिन गुदमरते. पाना बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकला तर ठिणगी पडते, म्हणून हत्यारे उघडी ठेवू नका. ती कापडात घट्ट गुंडाळा, झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि टायरवाल्याकडे मिळणारी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी वरून ताणून बसवा. रबर खडखडाट शोषते, दोरी शोषत नाही. जास्तीची क्लच केबल तर जुन्या केबलच्या शेजारीच, टाकीखालून, चिमट्यांनी बांधून ठेवता येते, म्हणजे तुटली की फक्त टोके जोडायची. रेनकोटसाठी टाकीवरची छोटी बॅग उत्तम, फक्त हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरते ना हे निघण्याआधी पाहा. लेगगार्डला पाण्याची बाटली बांधायला हरकत नाही, ती जागा खाली आणि मध्याजवळ आहे, पण इंजिनाच्या फिन्सवर येणारी हवा अडू देऊ नका.

चाकण, पिंपरी आणि वाळूजच्या पट्ट्यात दुचाकी घडवणारे कारखाने आहेत, आणि तिथल्या कितीतरी हातांना मराठी येते. त्यांच्याकडे मागणी एवढीच: टाकी आणि सीट यांच्यामध्ये दोन किलोंची, पाणी न शिरणारी, कुलूपबंद जागा द्या. नवी मोटरसायकल घ्यायला जाल तेव्हा मायलेज विचारून झाले की विक्रेत्याला सीट उघडायला लावा आणि प्लगपाना हातात देऊन, तो नेमका कुठे ठेवायचा ते दाखवा म्हणा.