सर्न अॅबसचा राक्षस : दफ्तरांचें मौन व लोकांचा निवाडा

इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत सर्न अॅबस नांवाचें एक लहान गांव आहे. गांवालगतच्या खडूच्या टेकडीच्या उतारावर एका नग्न पुरुषाची आकृति काढलेली असून तिची उंची सुमारें ५५ मीटर, म्हणजे १८० फूट आहे. उजव्या हातांत उगारलेली गांठाळ गदा आहे. ती एकटीच ३७ मीटर लांब भरते. ह्या कामांत दगड नाहीं, रंग नाहीं. हिरवळ सोलून चर खणावयाचे व त्यांत खडूचा चुरा ठोकून भरावयाचा, एवढीच काय ती कृति. आकृतीचें पुरुषत्व मात्र इतक्या उघडपणें व इतक्या मोठ्या मापानें दाखविलें आहे कीं, तिच्याविषयीं जें लिहिलें व बोललें गेलें त्यांतील पुष्कळसें ह्या एका अवयवाभोंवतींच घोटाळत राहिलें. लोक तिला 'जायंट', म्हणजे राक्षस, म्हणतात.

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस ह्या राक्षसाचें प्रकरण मननीय वाटेल, तें त्याच्या रूपापेक्षां त्याच्या कागदपत्रांमुळें. त्याचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख इ. स. १६९४ चा आहे. गांवच्या चर्चच्या कारभाऱ्यांच्या हिशेबवहींत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या देवस्थानच्या कीर्दींत असावी तशी, राक्षसाच्या दुरुस्तीप्रीत्यर्थ तीन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. ख्रिस्ती देवालयाच्या पैशानें नग्न राक्षसाची डागडुजी व्हावी व तिची नोंद कारभाऱ्यांनीं निःसंकोचपणें करावी, ही गोष्टच मुळीं मोठी बोलकी आहे. गांवकऱ्यांस त्या काळीं त्याची लाज वाटत नव्हती.

ह्या नोंदीच्या मागें गेलें कीं दफ्तर मुकें होतें. टेकडीच्या पायथ्याशीं इ. स. ९८७ मध्यें बेनिडिक्टी साधूंचा मठ स्थापन झाला व तो १५३९ पर्यंत चालला. ह्या साडेपांचशें वर्षांत राक्षसाचें नांव कोठें येत नाहीं. १६१७ सालीं जॉन नॉर्डन ह्या नामांकित मोजणीदारानें येथील जमिनीची पाहणी केली. तींतही तो नाहीं. ह्यावरून कित्येक विद्वानांनीं असें अनुमान काढलें कीं, १६१७ व १६९४ ह्यांच्या दरम्यान केव्हां तरी तो खोदला गेला. त्यास पुष्टि देणारी एक ऐकीव गोष्टही मिळाली. डॉर्सेटचा इतिहासकार जॉन हचिन्स ह्यानें १७५१ च्या एका पत्रांत लिहिलें आहे कीं, वतनाच्या कारभाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें हें काम अलीकडचें, लॉर्ड हॉलिसच्या वेळचें आहे. डेन्झिल हॉलिस हा पार्लमेंटांतील पुढारी असून क्रॉमवेलचा कट्टा वैरी होता. तेव्हां गदाधारी राक्षस म्हणजे क्रॉमवेलचें विडंबन, असा मोठा चटकदार सिद्धांत तयार झाला व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो बराच मान्यही झाला.

आमच्या मतें ह्या सिद्धांताचा पाया प्रथमपासूनच कच्चा होता. मौन हा पुरावा ठरण्यास दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : लिहिणाऱ्यास ती वस्तु दिसत होती, आणि तिची नोंद करणें हें त्याचें काम होतें. मोजणीदाराचें काम जमीन, हद्द व उत्पन्न टिपण्याचें. कसलेंही उत्पन्न न देणारें चित्र त्यानें कां टिपावें? शिवाय १६९४ च्या नोंदींत शब्द आहे तो 'दुरुस्ती'. जी वस्तु दुरुस्त करावी लागते ती जुनी झालेली असते, हें ध्यानांत घ्यावयास पाहिजे होतें.

कागद मुके असले तरी लोक मुके नव्हते. डेन्मार्कहून आलेला एक राक्षस टेकडीवर निजला असतां गांवकऱ्यांनीं त्याचें डोकें उडविलें व त्याच्या प्रेताभोंवतीं रेघ आंखली, अशी दंतकथा तेथें प्रचलित आहे. मूल होण्यासाठीं स्त्रियांनीं वा जोडप्यांनीं त्या आकृतीवर रात्र काढावी, अशीही समजूत होती. अठराव्या शतकांत पंडितांचें लक्ष तिकडे गेलें. विल्यम स्टुक्ली ह्यानें १७६४ मध्यें लंडनच्या पुरातत्त्वमंडळापुढें हा हर्क्युलीस असल्याचें मत मांडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत सभ्यतेचें वारें वाहूं लागलें, आणि छापील चित्रांतून राक्षसाचा तो अवयव गाळण्यांत येऊं लागला. मूळ खडूची रेघ मात्र कोणी पुसली नाहीं. कागदावर झांकावें व टेकडीवर राखावें, ही तडजोड त्या काळास शोभणारीच म्हणावी लागेल. अशा वेळीं केवळ छापील चित्रांवर विसंबणारा अभ्यासक सहज फसेल, हें सांगावयास नको.

१९२० सालीं पिट-रिव्हर्स घराण्यानें ही जागा नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या स्वाधीन केली. त्यानंतर १९३२ सालीं एका गृहस्थानें इंग्लंडच्या गृहखात्याकडे लेखी तक्रार केली कीं, हें चित्र अश्लील असून त्यावर कांहीं तरी आच्छादन घालावें. गृहखात्यानें हें संरक्षित प्राचीन स्मारक असल्याचें कारण दाखवून हात घालण्याचें नाकारलें. हें प्रकरण सरकारी दफ्तरांत आजही पाहावयास मिळतें. सर्व प्रकरणांतील माझा आवडता कागद हाच. तक्रारदार व अधिकारी ह्या दोघांचीही भाषा अगदीं गंभीर असून विषय मात्र तसा नाहीं! थोड्याच वर्षांनीं राक्षस खरोखरच झांकला गेला, पण सभ्यतेकरितां नव्हे : दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या विमानांस खूण मिळूं नये म्हणून त्याच्यावर झाडोरा पसरण्यांत आला. २००७ सालीं एका बोलपटाच्या जाहिरातीकरितां त्याच्या शेजारींच होमर सिम्प्सन ह्या व्यंगचित्रांतील पात्राची भली मोठी आकृति धुऊन जाणाऱ्या रंगानें काढली गेली, तेव्हां राक्षसास पवित्र मानणाऱ्या निसर्गपूजकांनीं संतापून पाऊस पाडण्यासाठीं मंत्रप्रयोग करण्याचें जाहीर केलें. तीन शतकांपूर्वीं ज्याची डागडुजी चर्चनें केली, त्याच्या पावित्र्यासाठीं आतां चर्चबाहेरचे लोक भांडूं लागले.

राक्षसाच्या वयाचा वाद १९९६ सालीं गांवांतच, न्यायसभेच्या थाटानें, साक्षी-पुरावे घेऊन चालविण्यांत आला. खरा निवाडा मात्र मातीनें केला. २०२० च्या मार्चांत नॅशनल ट्रस्टचे मार्टिन पॅपवर्थ ह्यांनीं आकृतीच्या कोंपरांशीं व पायांशीं चर खणून मातीचे नमुने घेतले. मातींतील गारगोटीच्या कणांनीं सूर्यप्रकाश शेवटचा केव्हां पाहिला, हें त्यांत सांचलेल्या किरणोत्सर्गावरून काढतां येतें. ग्लॉस्टरशायर विद्यापीठाचे फिलिप टॉम्स ह्यांनीं ती परीक्षा केली. २०२१ च्या मे महिन्यांत निकाल प्रसिद्ध झाला : पहिलें खोदकाम इ. स. ७०० ते ११०० ह्या दरम्यानचें. राक्षस क्रॉमवेलचाही नाहीं व रोमनपूर्व देवही नाहीं; तो सॅक्सन काळचा. दोन्ही पक्ष हरले. खुद्द पॅपवर्थ ह्यांचीही अपेक्षा सतराव्या शतकाची होती. मातींत सांपडलेल्या सूक्ष्म गोगलगायींच्या जातींवरूनही तो प्रागैतिहासिक नसल्याचें दिसून आलें. मध्यंतरीं पुष्कळ काळ त्याच्यावर गवत माजलें असावें, असें संशोधक मानतात. तसें असल्यास नॉर्डनच्या मौनाचें कोडें फारसें उरत नाहीं.

अशा परीक्षेचा निकाल नेहमीं प्राचीनतेच्याच बाजूनें लागतो असें कोणीं समजूं नये. अफिंग्टन येथील खडूचा घोडा ह्याच रीतीनें ख्रिस्तपूर्व कालांतला ठरला. उलट ससेक्समधील विल्मिंग्टनचा 'लांब पुरुष', जो फार प्राचीन समजला जाई, तो २००३ च्या संशोधनांत सोळाव्या-सतराव्या शतकांतील निघाला.

काल ठरल्यावर मठाचें दफ्तर पुन्हा उघडणें प्राप्तच होतें. हेलन गिट्टोस व टॉम मॉर्कम ह्यांनीं २०२४ मध्यें 'स्पेक्युलम' ह्या त्रैमासिकांत मत मांडलें कीं, मूळ आकृति हर्क्युलीसची असून ही जागा पश्चिम सॅक्सन सैन्यांच्या जमावाची असावी. आणि पुढें मठांतील साधूंनीं त्याच आकृतीस आपल्या संत एडवल्डचें रूप दिलें. अकराव्या शतकांतील ह्या संताच्या पर्वपाठांत, तो टेकडीवर राहत असे व त्यानें जमिनींत रोंवलेल्या काठीस पालवी फुटली, अशी कथा आहे. गांठाळ गदेची पालवलेली काठी झाली! सैन्याच्या जमावाचें अनुमान अजून पारखून घ्यावयास हवें. एडवल्डचा दुवा मात्र मला बराच बळकट वाटतो. तसें असल्यास मठाचें दफ्तर मुकें नव्हतें. राक्षसाचा उल्लेख त्यांत होता, पण तो संताच्या नांवाखालीं असल्यामुळें राक्षस शोधणाऱ्यांस सांपडला नाहीं.

आकृति राखण्याचें काम अद्याप चालूं आहे. मेंढ्या गवत खाऊन उतार साफ ठेवतात; २००८ सालीं मेंढ्या कमी पडल्या तेव्हां राक्षस जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१९ मध्यें स्वयंसेवकांनीं सतरा टन खडू हातांनीं ठोकून त्याची रेघ पुन्हा उजळली.