शिंगराचे लंगडणे

मोठ्या घोड्याच्या हाडात जंतुसंसर्ग होतो तो बहुधा जखमेतून, खिळा रुतल्याने किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर. शिंगराचे तसे नाही. त्याच्या कातडीवर ओरखडाही नसतो आणि तरी हाडात पू धरतो. जंतू बेंबीतून, आतड्यातून किंवा फुप्फुसातून रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर हाडापर्यंत पोचतात. जन्मापासून पुढचे काही आठवडे हा धोका सर्वाधिक असतो.

याचे एक मूळ घोडीच्या गर्भाशयात आहे. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिने पोटात असतानाच मिळतात. घोडीच्या वारेची रचना अशी, की ती प्रथिने शिंगरापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते जवळजवळ निःशस्त्र जन्मते. सारी भिस्त चिकावर. त्यातही आतड्याची ही प्रथिने शोषण्याची ताकद पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि 24 तासांत संपते. घोडीला चीक कमी आला, तो विण्याआधीच गळून गेला, किंवा अशक्त शिंगराला वेळेत उभे राहून पिता आले नाही, तर रक्तात शिरलेल्या जंतूंना अडवणारे काही उरत नाही.

दुसरे मूळ हाडात आहे. कोवळे हाड लांबीला वाढते ते टोकाजवळच्या कूर्चेच्या चकतीपाशी. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तीव्र वळण घेऊन परततात, रक्ताचा वेग मंदावतो आणि वाहत आलेले जंतू तिथेच ठाण मांडतात. संसर्ग नेमका कुठे बसला त्यावरून पशुवैद्य चार प्रकार करतात: केवळ सांध्याचे अस्तर व द्रव, सांध्याच्या कूर्चेखालचे हाड, वाढीची चकती, आणि पायातली छोटी घनाकृती हाडे. चौथा प्रकार विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत आढळतो. एकाच शिंगरात दोन-तीन प्रकार एकत्र, तेही वेगवेगळ्या पायांत, असू शकतात.

सुरुवातीला दिसते ते फक्त लंगडणे. काल घोडीभोवती उधळणारे शिंगरू आज एक पाय जेमतेम टेकवते, जास्त वेळ पडून राहते, दूध कमी पिते. सांधा सुजलेला, गरम लागतो. चकतीचाच आजार असेल तर सांध्याच्या थोडे वर किंवा खाली दाबताच शिंगरू पाय ओढून घेते. ताप असेलच असे नाही. इथेच घात होतो. ‘घोडीचा पाय पडला असेल’ असे म्हणून दोन दिवस वाट पाहणे ही तबेल्यातली जुनी खोड आहे, आणि ती फार महाग पडते. लंगडणाऱ्या शिंगराला संसर्ग झाला आहे असेच धरून चालायचे आणि तो नाही हे तपासणीने सिद्ध करायचे, हा पशुवैद्यांचा नियम त्यासाठीच आहे.

निदानाची सर्वांत बोलकी तपासणी म्हणजे सांध्यातला द्रव. जागा भादरून, जंतुनाशकाने धुऊन, शिंगराला गुंगी देऊन सुईने तो काढतात. निरोगी द्रव फिकट पिवळा, नितळ असतो आणि त्याचा थेंब एकतारी पाकासारखा लांबतो. संसर्ग झालेला द्रव गढूळ आणि पाण्यासारखा पातळ होतो. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी मोजतात: निरोगी सांध्यात दर मायक्रोलिटरला हजाराच्या आत, संसर्गात बहुधा 30,000च्या वर. कोणता जंतू आणि कोणते औषध, हे कळण्यासाठी द्रवाचे व रक्ताचे कल्चर लावतात. ई. कोलाय, ॲक्टिनोबॅसिलस, साल्मोनेला, स्ट्रेप्टोकॉकस हे नेहमीचे अपराधी. महिनाभरापुढच्या शिंगरात, विशेषतः न्यूमोनिया असल्यास, ऱ्होडोकॉकसचा संशय घेतात. रक्तातील फायब्रिनोजेन खूप वाढले असेल तर हाडाकडे बोट जाते. बेंबीची सोनोग्राफीही करतात, कारण बाहेरून कोरडी दिसणारी बेंबी आत पुवाने भरलेली असू शकते.

एक्स-रे हवाच, पण पहिल्या एक्स-रेवर निर्धास्त होणे चूक. हाडातले 30 ते 50 टक्के खनिज झिजल्याशिवाय फिल्मवर काळा डाग उमटत नाही, आणि त्याला एक-दोन आठवडे जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्या पायाचीही फिल्म काढून ताडून पाहतात आणि काही दिवसांनी पुन्हा काढतात. जिथे सोय आहे तिथे सीटी स्कॅन हाडातली पोकळी अधिक लवकर दाखवतो.

उपचार कल्चरच्या अहवालासाठी थांबत नाहीत. सुरुवातीला पेनिसिलीन आणि अमिकासिन अशी जोडी शिरेतून देतात. अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे औषध बदलतात. अमिकासिन मूत्रपिंडाला जड, त्यामुळे शरीरात पाणी कमी असलेल्या शिंगराला आधी सलाइन. एन्रोफ्लॉक्सासिन कोवळ्या कूर्चेला इजा करते, म्हणून शिंगरांत टाळतात. औषधे आठवडेच्या आठवडे चालतात. लंगडणे थांबले म्हणून ती बंद केल्यास आजार उलटतो.

नुसत्या इंजेक्शनांनी मात्र भागत नाही. सांध्यातला पू कूर्चा खातो, म्हणून सांध्याच्या दोन बाजूंना सुया घालून कित्येक लिटर निर्जंतुक द्रावणाने तो धुतात आणि शेवटी आत प्रतिजैविक सोडतात. गाठी धरल्या असतील तर दुर्बिणीने साफ करतात, हाडाचा मेलेला भाग खरवडून काढतात. आणखी एक युक्ती आहे: पायाला वर रबरी पट्टा आवळून खालच्या शिरेत औषध सोडायचे आणि 20 ते 30 मिनिटे पट्टा तसाच ठेवायचा. एरवी सुरक्षितपणे देता येईल त्याच्या कित्येक पट औषध यामुळे नेमके जागेवर पोचते.

वेदनाशामके लागतातच, पण जपून. शिंगराच्या जठरात त्यांनी व्रण होतात. त्याला कोरड्या, जाड बिछान्यावर बंदिस्त ठेवतात. भार पडून चांगला पाय वाकडा होऊ लागला, तर तोही सांभाळावा लागतो.

एकच सांधा, लवकर सुरू झालेले उपचार आणि शाबूत हाड असेल, तर शिंगरू पुढे धावू शकते. अनेक सांधे किंवा सांध्याखालचे हाड पोखरले गेले असेल, तर जीव वाचला तरी शर्यतीची आशा कमी. काहींना वेदनेतून सोडवण्यासाठी दयामरण द्यावे लागते.

पुण्याच्या परिसरातला स्टडफार्म असो की सारंगखेड्याच्या बाजारासाठी एखादी घोडी पाळणारे घर, प्रतिबंध सारखाच आणि स्वस्त आहे. विण्याची जागा स्वच्छ व कोरडी हवी, बेंबी सौम्य क्लोरहेक्सिडीनमध्ये पहिल्या दिवशी काही वेळा बुडवावी आणि शिंगरू पहिल्या दोन-तीन तासांत प्याले की नाही हे पाहावे. पहिल्या दिवसाच्या शेवटी रक्तातील आयजीजी, म्हणजे चिकातून मिळणारे रोगप्रतिकारक प्रथिन, मोजता येते. ते दर डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर असले की पुरेसे. 400च्या खाली असेल तर चिकाची वेळ टळलेली असते आणि दुसऱ्या घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून देऊन ती तूट भरून काढतात.